नेपियरला नुसता युरिया

महोदय,

केळीला झाडागणिक पोटॅश मोजून देणारा खानदेशातला शेतकरी बांधालगतच्या नेपियर या चाऱ्याच्या गवतावर युरियाची मूठ भिरकावतो आणि मोकळा होतो. शेणखत कपाशीला जाते. तिसऱ्या वर्षी फुटवे विरळ होतात, खालच्या पानांच्या कडा टोकाकडून करपत येतात आणि मग खापर फुटते बेण्यावर.

चाऱ्याच्या एक टन कोरड्या मालामागे साधारण 20 किलो नत्र (नायट्रोजन), 5-6 किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि 20 ते 25 किलो पालाश (पोटॅश) शेतातून निघून जाते. हिरवे 10 टन कापले तर कोरडा माल 2 टनांच्या आसपास, म्हणजे एका कापणीत 40-50 किलो पालाश बाहेर! काळ्या जमिनीत पालाश भरपूर, हे खरे. पण वर्षाला पाच-सहा कापण्या करून दांड्यासकट सगळे उचलून नेल्यावर ते किती दिवस पुरणार?

दर कापणीनंतर एकरी अर्धी गोणी युरिया (सुमारे 10 किलो नत्र), पाण्याची खात्री असेल तर पूर्ण गोणी, आणि सोबत 25-30 किलो म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशाचे खत द्यावे. वर्षाचे पोटॅश एकदम टाकू नये. गवत गरजेपेक्षा जास्त ओढून घेते आणि मॅग्नेशियमची ओढाताण होते. सुपर फॉस्फेटच्या दोन-तीन गोण्या आणि शेणखत पावसाळ्याच्या तोंडी एकदाच.

खत कापणीनंतर तीन-चार दिवसांत पडावे. आपल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या, सामू (pH) आठच्या वर. ओलसर सरीवर युरिया पसरून उन्हात तसाच ठेवला की नत्र अमोनिया होऊन उडते. म्हणून मातीआड करून लगेच पाणी सोडावे. शेणाची स्लरीही कापलेल्या खुंटांवरच द्यावी. उभ्या पानांवर पडली तर शेणातले जिवाणू थेट मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याच्या, बॅगेत जातात.

युरिया देऊन पंधरा दिवसांत कापलेले गवत गर्द हिरवे दिसते, पण त्यात साखर कमी आणि जनावराला बाधणारे नायट्रेट जास्त असते. अशा गवताची मुरघास बॅग उघडली की आंबूस वासाऐवजी दुर्गंधी येते, कुट्टी (बारीक चिरलेला चारा) बोटांना चिकटते. युरियानंतर पाच-सहा आठवडे जाऊ द्यावेत. पावसाचा खंड पडला असेल तर नायट्रेट दांड्याच्या बुडाशी साठते. तेव्हा वीतभर वरून कापावे. वाळवल्याने ते जात नाही, मुरघासात थोडेफार कमी होते. कोवळ्या ज्वारीतल्या विषाशी (हायड्रोसायनिक आम्ल) याची गल्लत करू नये. ते वाळवल्यावर बरेच उतरते.

ताज्या नेपियरमध्ये 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असते. दिवसभर सुकवून मगच कुट्टी भरावी. मुठीत दाबल्यावर गोळा हळूहळू सुटावा, तळहात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. वाळवून गंजी रचायला मात्र हा जाड दांडा कामाचा नाही. त्याला मारवेल किंवा पवना गवत, तेही फुलोरा येताना कापलेले.

आणि पोटॅश विकत घेण्याआधी गोठ्याची गटार बघावी. जनावराने खाल्लेल्या पालाशातला मोठा वाटा शेणात नव्हे, मूत्रात उतरतो. ती गटार नेपियरच्या पाटाला जोडली आणि पाण्याबरोबर मूत्र सोडले, तर म्युरेटची निम्मी मात्रा आधी कमी करून बघता येईल.

– एक पशुपालक, ता. चोपडा, जि. जळगाव