१९२९ च्या मंदीची झळ आपल्याला बसली नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील १९२९ च्या जागतिक मंदीवरचा लेख वाचला. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, पुढच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेतल्या हजारो बँका बुडाल्या, १९३३ पर्यंत तिथल्या दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार झाला, हे सगळे लेखकाने चांगले मांडले आहे. मात्र शेवटच्या परिच्छेदात ते म्हणतात की भारत शेतीप्रधान असल्यामुळे इथे या मंदीची फारशी झळ बसली नाही. माझी सारी नोकरी सोलापूर जिल्ह्यात महसूल खात्यात गेली. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, हाताळण्यात वर्षे गेल्यावर हे वाक्य वाचून गप्प बसवेना.

देश शेतीचा होता म्हणूनच झळ जास्त बसली. कारखाना बंद पडला की फाटकावर कुलूप दिसते आणि बाहेर माणसांची रांग लागते. शेत मात्र बंद पडत नाही. शेतकरी पेरतो, काढतो, बाजारात नेतो आणि तिथे त्याला निम्मे पैसे मिळतात. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

आकडे पाहा. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक (१९१४ चे भाव १०० धरून) १९२९ मध्ये १४१ होता, १९३३ मध्ये तो ८७ वर आला. म्हणजे पूर्वी दहा पोती विकून जे देणे भागत होते, त्याला आता सोळा पोती लागू लागली. हा सगळ्या मालाचा हिशेब झाला. नुसता शेतमाल घेतला तर घसरण याहून मोठी होती. देणे मात्र पैशांत ठरलेले होते. शेतसारा तीस-तीस वर्षांसाठी रोख रकमेत बांधलेला, सावकाराचे मुद्दल आणि व्याज रोखीत. बँकिंग चौकशी समितीने त्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातल्या ग्रामीण कर्जाचा अंदाज नऊशे कोटी रुपये केला होता. नवा एक रुपयाही न काढता त्या कर्जाचा भार दीडपटीहून अधिक झाला.

याला एकटी अमेरिका जबाबदार नव्हती, आणि लेखात नेमके हेच सुटले आहे. १९२७ च्या कायद्याने सरकारने एका रुपयाचा दर १८ ब्रिटिश पेन्स ठरवला. १६ पेन्सची मागणी करणारी भिन्नमतपत्रिका मुंबईचे उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी हिल्टन यंग आयोगात, म्हणजे चलनाविषयी नेमलेल्या आयोगात, लिहून ठेवली होती. महाग रुपया म्हणजे परदेशात जाणाऱ्या कापसाला, गव्हाला, गळिताच्या धान्याला इथे कमी रुपये. जगात भाव पडू लागले तेव्हा हा दर खाली आणून शेतकऱ्याला थोडा आधार देता आला असता. सरकारने उलटे केले. दर टिकवण्यासाठी बाजारातला पैसा आटवला, व्याजदर चढे ठेवले, कारण दरवर्षी लंडनला 'होम चार्जेस', म्हणजे कर्जाचे व्याज, निवृत्तिवेतने असा हिंदुस्थान सरकारचा तिथला खर्च, पौंडात पाठवायचे होते. सप्टेंबर १९३१ मध्ये खुद्द ब्रिटनने सोन्याला सोडचिठ्ठी दिली, म्हणजे पौंडाची सोन्याशी ठरलेली सांगड मोडली, आणि रुपया त्याच १८ पेन्सांवर पौंडाला बांधला गेला.

पुढचे प्रकरण सोन्याचे आहे आणि ते मला सर्वांत जास्त टोचते. पौंड घसरल्याबरोबर सोन्याचा रुपयातला भाव चढला. २१ रुपयांच्या आसपास असलेला तोळा काही महिन्यांत तिशीकडे सरकला. हातात रोकड नाही, धान्याला भाव नाही, तलाठी साऱ्यासाठी दारात आणि किंमत फक्त एकाच वस्तूला आहे, घरच्या बाईच्या अंगावरच्या सोन्याला. पाटल्या, पुतळ्यांची माळ, वाक्या मोडून सारा भरला गेला. गावचा सोनार, तालुक्याचा सराफ, तिथून मुंबई आणि मुंबई बंदरातून बोटीने लंडन असा त्या सोन्याचा प्रवास. पाच वर्षांत अडीचशे कोटी रुपयांहून जास्त किमतीचे सोने देशाबाहेर गेले. निर्यातबंदी करा म्हणून व्यापारी मंडळे ओरडत होती. लोक चढ्या भावाचा नफा घेत आहेत, असे सरकारचे म्हणणे पडले. नफा घेणारे होतेच, शहरात. पण जिने लग्नातल्या पाटल्या मोडल्या तिने नफा घेतला म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो आजही पुस्तकांतून चालू आहे. कायद्याने स्त्रीधन म्हणून जे तिचे एकटीचे, तेच घरात सर्वांत आधी खर्ची पडले. त्याची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

जमिनीची नोंद मात्र आहे. मोहोळकडच्या एका गावातला एक सर्व्हे नंबर माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. १९३० च्या नोंदीत शेत गहाण. १९३२ ला तेच शेत त्याच सावकाराला 'मुदत खरेदी'ने दिलेले, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत, नाहीतर गेली. १९३५ ला मुदत संपल्याची नोंद आणि कबजेदार म्हणून सावकाराचे नाव. त्याच्या पुढच्या वर्षी पीकपाहणीत कसणारा म्हणून पुन्हा जुन्याच मालकाचे नाव येते, आता कूळ म्हणून. चार ओळी, एकाखाली एक, एकाच कारकुनाच्या वळणदार अक्षरात. अशी साखळी मी एकाच गावात पाहिली नाही. तारखा थोड्या पुढेमागे, क्रम तोच.

ज्यांची शेते गेली त्यांतले बरेच मुंबईला आले, तर तिथेही तीच गत. १९३३ मध्ये कित्येक गिरण्या बंद होत्या, चालू होत्या त्यांनी मजुरी कापली, आणि एप्रिल १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला. कोकणात, घाटावर जाणारी मनिऑर्डर आटली की त्या घराचा दुसरा खांबही गेला. अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदार जमीनदारांची, भातशेती कसायचे नाकारले आणि तो संप सहा वर्षे चालवला. त्याला खोतीच्या जुलमाची मोठी पार्श्वभूमी होतीच. पण भाताचे भाव पडलेल्या काळात धान्याचा मोठा वाटा खोताच्या कोठारात घालून कुळाच्या हाती काय उरत असेल, याचाही विचार अभ्यासकांनी करायला हवा.

परिणाम किती लांबतात तेही पाहावे. मध्य प्रांतात कर्ज तडजोडीचा कायदा १९३३ मध्येच आला. मुंबई इलाख्यात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा १९३९ साली झाला, तोवर माझ्या त्या सर्व्हे नंबरातली जमीन जाऊन चार वर्षे झाली होती. ती परत मिळण्याची पहिली खरी संधी १ एप्रिल १९५७ ला आली, कृषक दिनाला, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरवणाऱ्या कूळकायद्याने. जो तोवर त्या बांधावर टिकून होता त्याला मिळाली. जो मधल्या काळात गाव सोडून गेला, त्याच्या मुलाबाळांना नाही. मंदी १९३० च्या दशकात संपली असे पुस्तकात असते. सातबाऱ्यावर ती पंचवीस वर्षे चालू होती.

म्हणून दोन विनंत्या. एक, लेखातील त्या वाक्याबाबत लेखकाने पुन्हा लिहावे. दुसरी, १९३० ते १९३९ या काळातले जुने फेरफार आता बऱ्याच तालुक्यांत स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. आपल्या जिल्हा वार्ताहरांनी आणि महाविद्यालयांतल्या इतिहास-अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एका गावाचे दहा वर्षांचे फेरफार वाचून काढावेत, किती एकर कुणाकडून कुणाकडे गेली ते मोजावे आणि आपण ते छापावे. काही नोंदी मोडी लिपीत आहेत. ती वाचायला मी आणि माझ्यासारखे काही निवृत्त कर्मचारी विनामोबदला येऊ.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, सोलापूर