कोकणात सूर्य समुद्रातून उगवत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या एका रिसॉर्टवर पानभर मजकूर आला आहे. त्यातल्या मोठ्या छायाचित्राखाली ओळ आहे, 'तारकर्लीचा रम्य सूर्योदय'. त्यात सूर्य थेट पाण्यातून वर येताना दिसतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. तारकर्लीला सूर्य उगवतो तो माडांच्या मागून, सह्याद्रीच्या बाजूने. समुद्रात तो फक्त मावळतो. म्हणजे एकतर हा सूर्यास्त आहे, नाहीतर हे छायाचित्र तारकर्लीचे नाहीच.

खालच्या छायाचित्राबद्दल मला जास्तच शंका आहे. काचेसारखे फिकट निळे पाणी आणि त्यावर बांधलेल्या लाकडी खोल्या. असे पाणी लक्षद्वीप-मालदीवसारख्या प्रवाळ बेटांच्या कडेला, तळाशी पांढरी वाळू असलेल्या उथळ जागी दिसते. आपल्याकडे नद्या गाळ आणतात, पाणी हिरवट असते. हिवाळ्यात मालवणकडे ते बऱ्यापैकी नितळ होते, पण हा रंग येत नाही.

साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. प्री-वेडिंगसाठी मुले-मुली मोबाइलवर अशीच चित्रे दाखवतात आणि 'असंच पाणी आलं पाहिजे' म्हणतात. एका जोडप्याने तर रिसॉर्टच्या वेबसाइटवरचे फोटो पाहून आगाऊ पैसे भरले. कुंभार्ली घाट उतरून गेल्यावर कळले की खोलीसमोर समुद्र नसून खाडीचा चिखल आहे. जाहिरात करणाऱ्याने काय करावे हा त्याचा प्रश्न, पण वर्तमानपत्रात छापून आले की आमच्याकडची माणसे ते खरे धरून चालतात.

कासची फुले मे महिन्यात फुललेली छापली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातारकरांचे फोन तुमच्या कार्यालयात खणखणतील. किनारा घाटाखाली आहे म्हणून तिथे काहीही चालावे का?

हे एवढे लांबवून लिहितो, त्याला कारण आहे. त्याच पानावर पावसाळ्यातले सवलतीचे दर दिले आहेत. पावसाळ्यात तो समुद्र गढूळ आणि खवळलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडीसुद्धा बंद असते. आम्ही कृष्णा-वेण्णेच्या काठची माणसे. नदीत पोहता येते म्हणून समुद्रात उतरतो. ओसरत्या पाण्याची ओढ आम्हाला ठाऊक नसते. शेजारी निळेशार शांत पाणी छापून जुलैचे दर द्यायचे, हे माणसाच्या जिवाशी खेळणे आहे.

आणि खरी सकाळ काही कमी देखणी नसते. तारकर्ली-देवबागला उजाडताना माडांची सावली वाळूवर लांबवर पडलेली असते, त्यामुळे पहिले ऊन आधी लाटांवर पडते आणि वाळू अजून गारच असते. त्या वेळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढत असतील तर दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा, टाचा वाळूत रुतलेल्या, दोर ओला झाल्याने काळपट. जाळे काठाला लागेपर्यंत ऊन बरोबर त्यांच्या पाठीवर येते. कॅमेऱ्याला याहून चांगला उजेड दुसरा नाही. रिसॉर्टच्या छायाचित्रांत मात्र होडी नसते, जाळे नसते, मासेमारी करणारा गाबीत नसतो, वाळूवर पसरणारी मर्यादवेलही नसते. किनाऱ्यावर जन्म काढलेली माणसे चित्रातून पुसून टाकलेली पाहून मला खरोखर वाईट वाटते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक निसर्गचित्राखाली ठिकाण, महिना आणि छायाचित्रकाराचे नाव द्यावे. रिसॉर्टने पुरवलेले चित्र असेल तर तसे लिहावे. मालवण-वेंगुर्ल्यात उत्तम छायाचित्रे काढणारी मुले आहेत; मानधन देऊन त्यांच्याकडून घ्यावीत. आणि या पानाची दुरुस्ती येत्या रविवारी, पावसाळी दरांविषयीच्या इशाऱ्यासह, त्याच पानावर छापावी.

– एक छायाचित्रकार, सातारा