विमानतळ ते रेल्वे स्थानक : रात्रीही बस हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. त्यामुळे २०२६ हे मुंबईच्या बसचे शताब्दी वर्ष आहे. या निमित्ताने ट्रामच्या आणि दुमजली बसच्या आठवणी निघतील, निघाव्यातही. परंतु विमानतळाकडे जाणाऱ्या बसमार्गांविषयी सहसा कोणी लिहीत नाही. तो इतिहास पाहिला तर आजची एक अडचण नीट समजते, म्हणून हे पत्र.

विमानतळ मुळात शहराबाहेरचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा जुहू, पार्ले, सांताक्रूझ ही सारी साष्टीतील, म्हणजे मुंबई बेटाच्या उत्तरेकडील बेटावरची, वस्ती होती आणि मुंबई महापालिकेची हद्द माहीम-शीव येथे संपत होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईची बस चालवणारी बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली, तेव्हाही यात फरक पडलेला नव्हता. महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेल्या सांताक्रूझच्या तळावर नागरी विमाने येऊ लागली, १९५० मध्ये हद्द अंधेरीपर्यंत वाढली आणि तेव्हा कुठे विमानतळ आणि बेस्ट एकाच महापालिकेच्या छत्राखाली आले. सांताक्रूझची टर्मिनल इमारत त्यानंतरची, १९५८ची.

विमानाने जाणारा माणूस लाल बसमधून येईल, असे त्या काळी कोणी गृहीत धरले नसावे. त्याच्यासाठी वेगळी सोय असे. नरिमन पॉइंटच्या एअर इंडिया इमारतीपासून विमानतळाला जाणारी बस ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. बेस्टची बस होती ती विमानतळाभोवती राहणाऱ्या आणि तेथे राबणाऱ्या माणसांची. माझे वडील विमानतळालगतच्या सहारच्या मालगोदामात कारकून होते. अंधेरी पूर्वेला स्थानकाबाहेर रांगेत उभे राहून ते बस पकडत, आणि त्या रांगेत सफाई कामगार, लोडर, विमानातले जेवण तयार करणाऱ्या स्वयंपाकघरातल्या बायका अशी नेहमीची माणसे असत. पुढच्या काचेवर देवनागरी आकडा आणि ‘सहार’ ही अक्षरे दिसली की रांग हलू लागे.

१९८१ मध्ये सहारचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले आणि या बसमध्ये खरा विमानप्रवासीही दिसू लागला. आखाती देशांत नोकरीला निघालेला रत्नागिरीचा किंवा राजापूरचा तरुण एसटीने मुंबईला येई, एखाद्या नातेवाइकाच्या खोलीवर दोन रात्री काढी आणि निरोप द्यायला निघालेल्या दहा माणसांसह लोकलने अंधेरीला उतरून बसने सहारला जाई. दोरीने बांधलेली बॅग मांडीवर घेऊन बसलेली ती मुले मी लहानपणी पाहिली आहेत. विमानतळाची बस म्हणजे रेल्वे स्थानकापर्यंतची छोटी, स्वस्त बस, हे या लोकांनी आपल्या गरजेतून ठरवले होते. कोणत्याही आराखड्यात ते लिहिलेले नव्हते.

पुढे विमानतळ वाढला तो मोटारवाल्याच्या सोयीने. फेब्रुवारी २०१४ मध्ये नवे टर्मिनल २ आणि सहार उन्नत मार्ग वापरात आले, द्रुतगती महामार्गावरून मोटार थेट टर्मिनलच्या दारात जाऊ लागली. त्याच वर्षी जूनमध्ये मेट्रो १ सुरू झाली, पण तिचे ‘विमानतळ मार्ग’ नावाचे स्थानक अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आहे. त्या नावावर विसंबून उतरणाऱ्याला सामानासह टर्मिनलपर्यंत चालत जाणे अवघडच. भुयारी मेट्रो ३ने ही उणीव बरीच भरून काढली. ऑक्टोबर २०२४ पासून दोन्ही टर्मिनलना स्वतःचे स्थानक मिळाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मार्गिका कफ परेडपर्यंत पोहोचली, याचा पार्लेकर म्हणून मला मनापासून आनंद आहे.

परंतु मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास थांबते आणि सहारची अनेक आंतरराष्ट्रीय उड्डाणे मध्यरात्रीनंतरची असतात. रात्रपाळी संपवून निघणारा कामगारही त्याच वेळी बाहेर पडतो. बेस्टने अलीकडच्या काळात विमानतळावरून दक्षिण मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईकडे लांब पल्ल्याच्या वातानुकूलित बस चालवल्या. तो प्रयत्न स्तुत्यच आहे. तथापि ज्याला वसईला, कल्याणला किंवा पनवेलला जायचे आहे, त्याला विमानतळावरून केवळ अंधेरी, विलेपार्ले किंवा कुर्ला स्थानक गाठायचे असते आणि तेथे पहाटे चारच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या लोकलची वाट पाहायची असते. त्याच्यासाठी दोन्ही टर्मिनल आणि ही तीन स्थानके जोडणारी, रात्रभर ठरलेल्या वेळी फिरणारी साधी बस हवी. मे २०२५ मध्ये भाडेवाढ झाल्यानंतरही वातानुकूलित बसचे किमान भाडे १२ रुपये आहे. त्याच्या दुप्पट आकारले तरी कोणी कुरकुर करणार नाही. वेळापत्रक मात्र सामानाच्या पट्ट्याजवळच मराठीत लावलेले असावे, कारण बाहेर आल्यावर टॅक्सीच्या गर्दीत ते शोधण्याचे त्राण कोणाला उरत नाही.

टर्मिनल १च्या पुनर्बांधणीची योजना जाहीर झालेली आहे. त्या आराखड्यात आगमन कक्षाच्या दाराशीच बसथांब्याची जागा आतापासून राखून ठेवावी, अशी विनंती महापालिका, बेस्ट आणि विमानतळ व्यवस्थापन या तिघांनाही आहे. इमारत उभी राहिल्यावर थांबा शोधायला निघालो, तर तो पुन्हा कुठल्यातरी पुलाखाली मिळेल. आणखी एक, आणिक आगारात बेस्टचे संग्रहालय आहे. शताब्दीच्या वर्षात तेथे सांताक्रूझ आणि सहारच्या जुन्या मार्गांचे फलक व वेळापत्रके मांडावीत. माझ्या वडिलांनी जपून ठेवलेली काही तिकिटे द्यायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)