पंप बंद कोण करणार?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हौशी रेसर्सवरचा लेख वाचला. टर्बो, टायर, पाव मैल पळायला लागणारे सेकंद, सगळं आलं. मुंबईची पोरं पदरचे पैसे घालून आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाड्या पळवतात, त्याचं कौतुक मलाही आहे. पण टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत कसं पोचतं, यावर लेखात एक ओळ नाही. माझगावात तीस वर्षं माझं गॅरेज आहे, आणि मला धास्ती वाटते ती नेमकी त्याचीच.

कंपनीतून आलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या पंपाची सूत्रं ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे असतात. चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. इंजिन फिरायला लागलं की पुन्हा सुरू, इंजिन बंद पडलं की तोही बंद. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून तो बसवला की पेट्रोलही जादा आणि पंपही मोठा लागतो. ताशी 255 लिटरचा तर सर्रास घालतात. जुनी वायर त्याला पुरत नाही, व्होल्टेज पडतं. मग ईसीयूला बाजूला ठेवून बॅटरीवरून पंपाला थेट जाड वायर ओढायची आणि डॅशबोर्डवर एक टॉगल स्विच, म्हणजे हाताने चालू-बंद करायचा खटका, ठोकायचा. वर मेकॅनिक म्हणणार, "डायरेक्ट केलंय शेठ, टेन्शन नाही!" आता गाडी कठड्यावर आदळली, पाइप तुटला, इंजिन बंद पडलं, तरी पंपाला त्याचा पत्ताच नाही. तो मिनिटाला चारेक लिटर पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर ओतत राहणार. तेव्हा त्या टॉगलपर्यंत कोणाचा हात पोचणार आहे?

गेल्या पावसाळ्याआधी अशीच एक गाडी माझ्याकडे आली. वजन कमी करायला मागची सीट काढलेली. डिकीत सर्ज टँक, म्हणजे पंपाला पेट्रोल कमी पडू नये म्हणून बसवलेली छोटी जादा टाकी, आणि डिकी व केबिन यांच्यामध्ये पत्राच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत ड्रायव्हरच्या पायाशी जमणार. पाइपाला स्क्रूने आवळायची साधी क्लिप; बोट लावलं तर ओलं. आता पेट्रोलच 20 टक्के इथेनॉलचं, तेव्हा जुन्या रबराची कशी वाट लागते ते वेगळं सांगायला नको. मालकाने विचारलं, "काका, अजून दहा हॉर्सपॉवर निघतील का?"

फॉर्म्युला वनचं उदाहरण दिलं की लोक हसतात, पण 29 नोव्हेंबर 2020 ची बहरीनची शर्यत आठवा. ड्रायव्हर रोमां ग्रोजाँची गाडी कठड्यावर आदळून पेटली, आणि तो आगीतून अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर आला. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए, तिच्या चौकशीत दिसलं ते असं, की लवचीक पिशवीवजा टाकीतून इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची जोडणीच उखडली होती. कोट्यवधींच्या गाडीत जोडणी हा कच्चा दुवा ठरतो, तर आपल्या क्लिपची काय कथा!

गंमत म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं या बाबतीत पुढे आहेत. कॉलेजची पोरं स्वतः बनवलेल्या रेसिंग गाड्या उतरवतात त्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या नियमांत ती स्क्रूची क्लिप चालतच नाही; पाइपाला सगळीकडून सारखी आवळणारी, नट-बोल्टची क्लिप लागते. गाडी 60 अंशांत कलती करून थेंबभर पेट्रोल गळतं का, ते बघतात. जोराचा धक्का बसला की पंप बंद करणारा स्विचही लागतो. पोरं हे करतात, कारण तपासणारा अडवतो. आणि लाखो रुपये ओतणारे मोठे लोक हेल्मेट आणि सीट बेल्ट दाखवून सुटतात. स्पर्धेचं नाव घेत नाही, पण मी स्वतः ट्रॅकवर गाड्या घेऊन गेलो आहे. माझ्या गाडीचा पंप कोणी विचारला नाही.

यात फार खर्चही नाही. जाड वायर आणि रिले (बारीक वायरच्या इशाऱ्यावर जाड वायरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) खुशाल घाला, फक्त त्या रिलेला इशारा ईसीयूच्या मूळ पंप-वायरवरूनच द्या. धक्क्याने पंप तोडणारा इनर्शिया स्विच जुन्या फोर्ड गाड्यांतून काढलेला मिळतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारून बघा. आत लोहचुंबकाने धरलेली गोळी असते, दणका बसला की सुटते. केबिन आणि टाकीमध्ये सलग पत्रा, आणि गाडीची वीज तोडणारा, बाहेरून कोणालाही ओढता येईल असा किल स्विच.

आयोजकांना एकच विनंती. स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, डिकीपाशी कान लावा. तीन-चार सेकंदांनंतरही पंपाचा आवाज येत असेल, तर त्या गाडीला स्टार्ट लाइनवर सोडू नका. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर एवढी चाचणी चौकटीत छापावी. फोटो हवा असेल तर माझ्या गॅरेजात आत्ता तशा दोन गाड्या उभ्या आहेत.

आपला,
एक गॅरेजवाला, माझगाव, मुंबई