गनमेटलचे बुश बसवूनही दिवे डुलतातच, पैसे परत करा

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग,
भोसरी एमआयडीसी, पुणे

विषय: पोर्शे 944 (1988) च्या वर-खाली होणाऱ्या हेडलाइटसाठी पाठवलेला सदोष बुश संच

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुमचे गनमेटलचे (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या पिनेवर बसणाऱ्या कड्या, ढिले आहेत. पहिल्या संचातले ढिले होते, बदली म्हणून आलेल्या संचातलेही तसेच. दोन्ही पाकिटांवर लॉट नंबर एकच आहे. पाठवण्याआधी कुणी वाचला असता तर कुरिअरचा खर्च वाचला असता.

या गाडीत एकच मोटर आडव्या दांड्यातून दोन्ही दिवे उचलते, हे तुम्हाला सांगायला नको. मूळचे प्लॅस्टिकचे बुश सुकून तडकतात, सांध्यात खेळ म्हणजे ढिलेपणा येतो आणि दिवे डुलतात. याच दुखण्यावर तुम्ही हा संच विकता. मी व्हर्निअर लावून पाहिलं: बुशचं भोक पिनेपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं. काढून टाकलेला जुना प्लॅस्टिकचा बुश याहून घट्ट बसत होता! फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, पावती पाठवली. उत्तर आलं, ‘कृपया फोटो पाठवावेत.’

आता आजचा फोन. तुमचे तांत्रिक तज्ज्ञ (हा शब्द त्यांचाच) म्हणाले, “सर, दिवे वर असतानाच हलतात ना?” मी म्हटलं, हो. “खाली असताना हलत नाहीत?” नाही. “मग खालीच ठेवा ना.” मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत. “हौसेची गाडी आहे सर, दिवसाच चालवा.” मी इंग्लंडात लेस्टरला राहतो, इथे डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, असं सांगितलं. त्यावर क्षणभर थांबून, “मग उन्हाळ्यात चालवा.” हे तुमचं अधिकृत धोरण असेल तर पाकिटावर छापा: ‘फक्त उन्हाळ्यात, दिवे मिटून वापरावे.’

इथे दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते. तपासनीस दिवा हाताने हलवून बघतो, झोत कुठे पडतो तेही मोजतो. दिवा हातात डुलला की गाडी नापास. चाळीस वर्षं झालेल्या जुन्या गाडीला सहसा ही तपासणी माफ असते. तोवर थांबा, एवढंच सुचवायचं राहिलं बघा. शिवाय खड्ड्यातून जाताना झोत समोरच्याच्या डोळ्यांत उडतो, तो वेगळाच. आणि हो, बुश ढिले आहेत, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर प्रत्येकाला ते नव्याने सांगावं लागलं.

वाईट याचं वाटतं की जर्मनीहून मागवायचं सोडून मी मुद्दाम भोसरीचा माल घेतला. लेथकाम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, असं इथल्या 944 वाल्यांना छाती फुगवून सांगितलं होतं. त्यातले दोघं तुमच्याकडे ऑर्डर देणार होते. त्यांना मी थांबवलंय.

तिसरा संच पाठवू नका. दोन्ही संच परत न्यायची सोय तुम्ही करा, आणि संचाची किंमत नि मी भरलेला कुरिअरचा खर्च पंधरा दिवसांत कार्डावर जमा करा. नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार जाईल. चिंचवडला माझा भाऊ राहतो, अधिकारपत्र त्याच्या नावाने तयार आहे. उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

आपला (तूर्तास) ग्राहक,
लेस्टर, इंग्लंड