चार जीबीचे संगणक भंगारात काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळा-वाचनालयांनी ४ जीबी रॅमचे जुने संगणक लगेच मोडीत काढू नयेत, ही कळकळीची विनंती.

विंडोज ११ कागदोपत्री ४ जीबीवर चालते, पण टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षा-सोय नसेल तर जुने यंत्र तिथेच अडते. चालले तरी ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडताच रॅम भरते, उरलेला भार हार्ड डिस्कवर जातो आणि सगळे रखडते. तिथे ८ जीबीच हवी. लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मात्र ४ जीबीत टायपिंग, ईमेल, पीडीएफ नीट पेलते; मराठी-कन्नड दोन्ही कळफलक मिळतात. २ जीबीवर लुबुंटू ही लिनक्सचीच हलकी सिस्टिम लावता येईल, पण जड वेबपाने तिथेही रॅम खाणारच. नवी सिस्टिम आधी पेन ड्राइव्हवरून चालवून प्रिंटर आणि वाय-फाय तपासा.

रॅम विकत घेण्यापूर्वी विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात, मेमरीखाली, वापरातले स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) दिसतात. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन प्रकारांच्या खाचा वेगळ्या असतात, जोर लावून बसवू नका. काही लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच लागते, १.५ व्होल्टची लावली तर ते सुरूच होत नाहीत. आणि ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते. हे दुकानदाराने आधीच सांगायला हवे.

– संगणक देखभाल करणारे तंत्रज्ञ, खानापूर