पाण्याची तोफ घेताना आधी पंप बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात शेजारच्या गावच्या नव्या बंबाची बातमी फोटोसकट आली होती, सत्तर मीटरपर्यंत पाणी मारणारी तोफ बसवलेली गाडी म्हणून. वाचून बरं वाटलं, अशा गाड्या यायलाच पाहिजेत, पण बातमीत गाडीच्या टाकीत पाणी किती आणि पंप किती लिटरचा हे कुठेच नव्हतं आणि मी रायगडमधल्या एका केमिकल कंपनीत सत्तावीस वर्षं फायर अँड सेफ्टीला काढलीयेत, मला पहिला प्रश्न तोच पडतो, म्हणून लिहायला बसलो.

ही जी तोफ, तिला आमच्या लाइनीत मॉनिटर म्हणतात. होज धरून माणसं उभी राहतात तिथे पाणी कमी पडायला लागलं की मॉनिटर लागतो. ३८ एमएमच्या नोझलमधून सात किलो (चौरस सेंटीमीटरला) प्रेशरला मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर पाणी सुटतं आणि त्याचा मागे बसणारा रेटा १६० किलोच्या आसपास जातो, तो कोणाच्या बापाला हातात धरता येणार नाही, म्हणून मॉनिटर जमिनीत नाहीतर गाडीवर घट्ट बसवलेला असतो. गाडीवर असेल तर तो सगळा रेटा टपावर येतो, नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून भागत नाही, सपोर्ट खाली चॅसिसपर्यंत न्यावा लागतो. हे गाडी ताब्यात घेताना वाकून बघायचं असतं, आणि ते कोणी बघत नाही.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. सॉल्व्हेंटच्या टाक्यांभोवती जुने छोटे मॉनिटर होते, ते काढून तीन मोठे घ्यायचे ठरले. कॅटलॉग आले, सगळ्यांनी फेक, म्हणजे पाणी किती लांब जातं, ते किती मीटर एवढंच बघितलं, ज्याची जास्त आणि ज्याचा रेट कमी त्याला ऑर्डर गेली. मीही सही केली त्यावर. आमचा पंप ताशी २७३ घनमीटरचा, म्हणजे मिनिटाला साडेचार हजार लिटरच्या आसपास, आणि हे तीन मॉनिटर मिळून मागणार साडेसात हजार! बरं त्यांना पाणी नेणारी लाइन तीच जुनी चार इंची. एकेक करून उघडून बघितले तेव्हा मस्त चालले, सगळे खूश. मग मॉक ड्रिलला तिन्ही एकदम उघडले आणि शेवटच्या हायड्रंटवरचा (होज जोडायच्या नळावरचा) गेजचा काटा सातवरून खाली खाली येत तीनच्याही खाली गेला, आणि जी धार टाकीच्या डोक्यावर पडायची ती डाइकच्या, म्हणजे टाक्यांभोवतीच्या बांधाच्या, भिंतीच्या अलीकडे पडायला लागली, तिथे एक शेवग्याचं झाड होतं ते न्हाऊन निघालं आणि टाकी कोरडी ठणठणीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

प्रेशर निम्मं झालं की पाणी जेमतेम सत्तर टक्के उरतं आणि फेकही चांगलीच तुटते. त्यामुळे मॉनिटर निवडताना उलटं चालायला पाहिजे, आधी टाकीत पाणी किती, पंप किती देतो, लाइन किती इंचाची, सगळ्यात लांबच्या टोकाला सगळे मॉनिटर चालू असताना प्रेशर किती उरतं, आणि एवढं हातात आल्यावर मग कॅटलॉग उघडायचा. फॉर्म बी साठी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू आहे या सहामाही दाखल्यासाठी, दर जानेवारी-जुलैला तपासणी होते तेव्हा आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच व्हॉल्व उघडून बघायचे, आणि एकच उघडला तर सगळं ठीकच दिसणार हो.

गाडीचं गणित तर अजून सोपं आहे. साडेचार हजार लिटरची टाकी आणि मिनिटाला २२५० लिटरचा पंप असेल तर मॉनिटर फुल सोडल्यावर गाडी दोन मिनिटांत रिकामी. दोन मिनिटं! म्हणजे त्या दोन मिनिटांत दुसऱ्या टँकरची नाहीतर हायड्रंटची होज जोडून झाली पाहिजे, नाहीतर पेटलेल्या गोदामासमोर तोफ नुसती उभी. वर मॉनिटर चार हजार लिटरचा आणि खाली पंप २२५० चा अशीही गाडी मी डोळ्यांनी बघितलीय, गाव सांगत नाही. तिथे तो मॉनिटर एवढा उंच होता की स्टेशनच्या शटरला घासायचा, मग तो काढून स्टोअरमध्ये ठेवला आणि जागेवर ब्लँक, म्हणजे झाकण, मारलं.

कॅटलॉगमधली फेक असते ती वारा नसताना, नोझल तीसएक अंशाला धरून. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा वारा असा सुटतो की समोरून आला तर धार मध्येच फुटून तिचा फवारा उभ्या माणसाच्या तोंडावर येतो. म्हणून टाकीच्या एकाच बाजूला दोन मॉनिटर लावण्यात काही अर्थ नाही, दोन बाजूंना पाहिजेत, म्हणजे वारा पाठीवर घेऊन एक तरी चालवता येईल.

आणि चालवणारा माणूस. त्याचा विचार खरेदीच्या मीटिंगमध्ये कोणी करत नाही. एका ड्रिलला तीन नंबरच्या मॉनिटरचं चाक फिरेना, आमचा ऑपरेटर, पन्नाशीचा माणूस, पूर्ण लटकला त्याच्यावर, शेवटी पाइप पाना लावला तेव्हा कर्रकन आवाज करत हललं. उघडून बघितलं तर गिअरमधलं ग्रीस सुकून काळा खडा झालेला, आणि नोझलच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. खाडीची हवा आहे आमच्याकडे, साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते, इथे गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू) नाहीतर एसएस (स्टेनलेस स्टील) पाहिजे, ग्रीस निपल हाताला येईल अशा जागी पाहिजे आणि नोझलला टोपी पाहिजे. रेट थोडा जास्त पडतो, पडू दे.

फोमचं, म्हणजे आग झाकायच्या फेसाचंही तसंच आहे. मिथेनॉलसारख्या सॉल्व्हेंटवर साधा फोम टिकत नाही, त्यातलं पाणी सॉल्व्हेंट ओढून घेतं आणि फोम बसतो, तिथे अल्कोहोल रेझिस्टंटच लागतो, आणि नोझल त्या फोमला चालणारं आहे का हे मॉनिटर घेतानाच विचारायचं. फोम मारताना फेक पाण्यापेक्षा कमी पडते, हे सेल्समन विचारल्याशिवाय सांगत नाही.

मोठ्या तेल डेपोंना रिमोटचे लांब पल्ल्याचे मॉनिटर लागतात. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळ सीतापुऱ्याचा डेपो पेटला तो जवळजवळ अकरा दिवस जळत होता, त्या आगीची चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीने लांबून चालवता येणाऱ्या मॉनिटरवर भर दिला. आपल्या मुंबईजवळच्या जवाहर द्वीपावर ६ ऑक्टोबर २०१७ ला वीज पडून डिझेलची टाकी पेटली, तीही विझायला काही दिवस गेले. अशा आगीत पेटलेल्या टाकीपेक्षा शेजारच्या टाक्या तासन्‌तास थंड ठेवणं मोठं काम असतं आणि त्या उष्णतेत माणूस जवळ उभा राहूच शकत नाही, तिथे रिमोट पाहिजेच. पण रिमोटला सुद्धा हाताने फिरवायचं चाक असलंच पाहिजे, आगीत सगळ्यात आधी जाते ती लाइट. छोट्या कारखान्याने मात्र त्याच्या नादी लागू नये, त्या पैशात लाइन चारची सहा इंची करून घ्यावी आणि एक डिझेल पंप स्टँडबायला ठेवावा. आम्ही शेवटी तेच केलं, लाइन बदलली, दुसरा पंप जोडला, आता तिन्ही मॉनिटर एकदम सोडले तरी लांबच्या टोकाला सात किलो मिळतं. पाण्याची टाकी साडेपाच लाख लिटरची आहे, ती तशी सव्वा तास पुरते, म्हणून आता तिला जोड टाकी बांधायचं चाललंय.

खरेदी करणाऱ्यांना एवढीच विनंती, टेंडरमध्ये फेकीचा आकडा लिहाल तेव्हा तो किती प्रेशरला आणि किती पाण्याला ते शेजारी लिहा आणि डिलिव्हरी घेताना आपल्याच पंपावर, आपल्याच पाण्यावर चालवून बघा, जो माणूस उद्या ते चाक फिरवणार आहे त्याच्याकडून. आणि संपादक साहेब, त्या नव्या बंबाचं प्रात्यक्षिक परत झालं तर आपल्या वार्ताहराला घड्याळ घेऊन पाठवा, टाकी किती मिनिटांत संपली आणि दुसरं पाणी जोडायला किती मिनिटं लागली हे दोन आकडे फोटोखाली छापा.

आपला,
एक निवृत्त फायर सेफ्टी कर्मचारी,
जि. रायगड